पिकॅनचा पोचा

मिस मस्कॅडाइन या गाडीबद्दल अख्ख्या जॉर्जिया राज्यात माझ्याएवढं कुणाला कळत नाही. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगायला अजून पुढे आलेलं नाही.

तुम्ही ती मालिका पाहिली नसेल तर तुमचं बालपण फुकट गेलं, आणि त्याला आता इलाज नाही. दर मंगळवारी संध्याकाळी लागायची. गुरांचा एक डॉक्टर होता. दिवसभर गायींना सुया टोचायचा आणि उरलेल्या वेळात गुरं चोरणाऱ्यांचा पाठलाग करायचा. डॉक्टर दिसायला बेताचाच. अभिनय त्याच्यापेक्षा गायी बरा करायच्या. पण त्याची गाडी! एकोणसत्तर सालची, दोन दारांची, लांबलचक नाकाची, आमच्याकडच्या रानद्राक्षांसारखी गडद जांभळी, वर सायीच्या रंगाचं छत. त्या द्राक्षांवरूनच डॉक्टर तिला मिस मस्कॅडाइन म्हणायचा. तिने पहिल्यांदा ओढ्यावरून उडी मारली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या दिवशी खुर्चीतून जो उठलो तो आजतागायत नीट बसलेलो नाही.

मालिकेतल्या खऱ्या गाड्या उड्या मारून मारून भंगारात गेल्या. त्यामुळे ज्याला मिस मस्कॅडाइन हवी त्याने ती स्वतः बनवायची. मी, हॉयट प्रेसनेल, तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एक गंजका सांगाडा दारात आणून उभा केला. चार वर्षं त्याच्यावर घालवली. तिच्या चाहत्यांच्या आमच्या मंडळात अशा अकरा गाड्या आहेत. दर सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आमच्याच तालुक्याच्या जत्रेच्या मैदानावर आम्ही सगळे जमतो आणि एकमेकांच्या गाडीत काय चुकलंय ते प्रेमाने सांगतो.

आता मुद्द्याचं. दुसऱ्याच भागात स्टंट करणाऱ्या ड्रायव्हरने गाडी पिकॅनच्या, म्हणजे अक्रोडाच्या जातीतल्या, झाडाला घासली आणि डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डला पोचा पडला. मालिकेवाल्यांचा हात आखडता. त्यांनी तो तसाच ठेवून पहिलं वर्ष काढलं. म्हणजे पहिल्या वर्षाची गाडी बनवायची असेल तर तो पोचा हवाच. बाकीचे लोक हातोडीने एक दणका देतात आणि झाला म्हणतात. मला ते बघवत नाही. मी एकेक दृश्य थांबवून मापं घेतली, पिकॅनच्याच लाकडाचा ठोकळा तासला, भंगारातली तीन मडगार्डं सरावासाठी वाया घालवली आणि सातव्या महिन्यात माझ्या गाडीला तो पोचा पाडला. सूप प्यायच्या वाडग्याएवढा, खाली जरा लांबट. धडधाकट पत्रा बिघडवायला सात महिने घेणारा माणूस आपल्याला मिळाला, असं माझी बायको नेल्डा तिच्या मैत्रिणींना सांगते.

तर मंडळाचा निकाल द्यायला मिस ओपल येतात. वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी त्या त्याच मालिकेवर कामाला होत्या. शूटिंगच्या आधी गाडीला चिखल फासायचा आणि नंतर धुऊन काढायचा, हे त्यांचं काम. त्यांच्याएवढा त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. पहिल्या नंबरची निळी फीत त्या दर वर्षी कुणाला तरी देतात, पण ते दगडापेक्षा वीट मऊ म्हणून. एखादी गाडी अगदी हुबेहूब दिसली तर "हीच ती" असं म्हणेन, असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलंय, आणि एकोणीस वर्षांत त्या कुणालाही तसं म्हणालेल्या नाहीत. यंदा गुडघ्यांमुळे त्यांचं शेवटचं वर्ष होतं. मला फीत नको होती. मला ते दोन शब्द ऐकायचे होते.

आणि मेळाव्याच्या आधीच्या रविवारी माझ्या छताच्या रंगाला फोड आले!

आमच्या तालुक्यात रंगाची बंदिस्त खोली असलेला डेंटिंग-पेंटिंगवाला एकच. गार्लंड टूटन. चाळीस वर्षांचा हात. नेल्डाचा सख्खा थोरला भाऊ. आणि गेली सहा वर्षं तो माझ्याशी एक अक्षर बोललेला नव्हता.

चूक माझीच होती, पण हेतू चांगला होता. त्याच्याकडे मांस धुरावर शिजवायची एक लोखंडी भट्टी आहे. कुणीतरी ठोकून वाकवलेला माझ्या बसचा बंपर त्याने एकदा फुकटात सरळ करून दिला, म्हणून कृतज्ञतेपोटी, तो घरी नसताना, मी ती भट्टी आतून तारेच्या घासणीने आणि कॉस्टिक सोड्याने लख्ख घासून दिली. वीस वर्षांचा धूर आणि चरबी तिच्या आत बसली होती. सगळी चव त्यातच होती म्हणे. दुसऱ्या दिवशी तालुक्याची बार्बेक्यूची स्पर्धा होती. गार्लंडचं डुकराचं मांस लागलं साबणासारखं. पंचांपैकी एकाने तोंड पुसलं. तेव्हापासून आमच्या घरात नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण दोनदा होतो. गुरुवारी नेल्डा भावाकडे टर्की रांधते आणि शुक्रवारी माझ्याकडे. सहा वर्षं ती बाई लागोपाठ दोन दिवस टर्की खातेय. तिचं म्हणणं एकच होतं, मरायच्या आधी एकदा सगळे एका टेबलावर बसलेले बघू दे.

तर त्या रविवारी मी दिवाणखान्यात येरझारा घालत होतो. नेल्डा शांतपणे फोनवरून उठली आणि म्हणाली, "उद्या सकाळी गाडी पाठव म्हणालाय."

"कोण?"

"गार्लंड. दुसरं कोण आहे?"

"बोलला? माझ्याबद्दल?"

"छताबद्दल बोलला. सुरुवात तर झाली."

सोमवारी नेल्डा गाडी सोडून आली. मी काचेवर एक चिठ्ठी लावून ठेवली होती. "गार्लंड, फक्त छत. बाकी कशाला त्रास घेऊ नकोस. आभारी, हॉयट." चिठ्ठी स्वच्छ होती. एखाद्या वकिलाला दाखवली असती तरी त्याने हरकत घेतली नसती.

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी फ्रिज उघडायचो आणि बंद करायचो. अंगणात जायचो, परत यायचो. शेवटी नेल्डाने माझ्या हातात वाटाण्याच्या शेंगांची टोपली दिली आणि मी दाणे टाकून सालं भांड्यात जमा केली. बुधवारी दुपारी आम्ही दोघं गार्लंडच्या गॅरेजवर गेलो.

गार्लंड दारात उभा. सहा फूट दोन इंच उंच, आणि चेहऱ्यावर कधी काही उमटत नाही. आनंद झाला तरी तोच चेहरा, दात दुखला तरी तोच.

"हॉयट," तो म्हणाला.

"गार्लंड," मी म्हणालो.

सहा वर्षांनंतरचं संभाषण म्हणून हे वाईट नव्हतं. नेल्डाने लगेच पर्समधून रुमाल काढला.

त्याने गाडीवरची चादर ओढली. छत असं झालं होतं की चमच्याने उचलून खावं. मी आनंदाने गाडीला फेरी मारली, डावीकडून मागच्या चाकापाशी आलो आणि तिथेच थांबलो. मडगार्ड गुळगुळीत होतं. इस्त्री केल्यासारखं. माझे सात महिने तिथे कुठेच नव्हते.

"ते पण करून टाकलं," गार्लंड मागून म्हणाला. "दोन रात्री बसलो. आतून दुहेरी पत्रा लावलाय. आता हातोडीने ठोकलंस तरी पोचा पडायचा नाही."

"मी... चिठ्ठी लिहिली होती," मी कसाबसा म्हणालो.

"वाचली. त्रास घेऊ नको म्हणे. माणूस सहा वर्षांनी संकोचाने असं लिहितो ते मला कळत नाही होय? मी काय परका आहे?"

आता आमच्याकडची रीत अशी की "काही नको" म्हणणाऱ्याला दोनदा वाढायचं. "बसत नाही" म्हणणाऱ्यासाठी खुर्ची ओढायची. मी आयुष्यभर त्या रीतीने जगलोय आणि नेमकी चिठ्ठी लिहिताना ती विसरलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. गार्लंडला वाटलं उपकारांनी भरून आलंय. त्याने पुढे होऊन माझ्या पाठीवर थाप मारली, मग नेल्डाने आम्हा दोघांना कवटाळलं, आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या मडगार्डाकडे बघत हुंदके दिले.

"असू दे, असू दे," गार्लंड म्हणाला. "शनिवारी मी येतो बघायला. लोकांनी काम बघितलं पाहिजे."

घरी येऊन दार लावल्यावर मी म्हणालो, "मुद्दाम केलंय त्याने."

"काय मुद्दाम?"

"सूड घेतलाय. मी त्याची भट्टी चांगल्या मनाने घासली, त्याने माझा पोचा चांगल्या मनाने काढला. मापाला माप. स्पर्धेच्या तोंडावर! सहा वर्षं वाट बघितली त्याने."

"हॉयट, आमच्या घरात टीव्हीच नव्हता. बाबांना वाटायचं टीव्ही बघून माणूस आळशी होतो. गार्लंडला काय माहीत कुठल्या डॉक्टरची गाडी आणि कुठला पोचा?"

"पण चेहरा बघितलास त्याचा?"

"त्याचा चेहरा लग्नात पण तसाच होता." मग ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "नीट ऐक. माझ्या भावाने दोन रात्री जागून तुझ्यासाठी काम केलंय. शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून येणार आहे. तू त्याला एक शब्द बोललास, किंवा त्या पत्र्याला हात लावलास, तर नोव्हेंबरात तू आणि तुझं पिकॅनचं झाड मिळून टर्की खा."

मी कबूल केलं. मनापासून केलं. आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. डाव्या कुशीवर वाटायचं, बिचाऱ्याने प्रेमाने केलं. उजव्या कुशीवर वाटायचं, पक्का बेरकी आहे. सकाळी नेल्डा म्हणाली, एक कूस ठरव, मला झोपू दे.

गुरुवारी दुपारी ती चर्चच्या बायकांकडे गेली आणि माझे पाय आपोआप गाडीकडे वळले. मी स्वतःला सांगितलं, फक्त फेरी मारून येऊ. फेरी मारता मारता गाडी रस्त्याकडेच्या पिकॅनच्या बागेत शिरली. योगायोगाने डिकीत ठोकळा होता, दोर होता आणि वाळू भरलेली गोणी होती. बेत साधा होता. गोणीच्या तोंडाशी ठोकळा बांधायचा, गोणी फांदीला टांगायची आणि झोका द्यायचा. पोचा जुनाच, जागा जुनीच. गार्लंडला सांगायचं, मैदानात शिरताना झाड लागलं. तो बिचारा हळहळेल, पण रागवायचा नाही. रंगाला ओरखडा नको म्हणून मी मडगार्डवर नेल्डाचा पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल पसरला.

पहिला झोका दिला. धप्प. टॉवेल उचलून बघितलं, काही नाही. दुसरा जोरात दिला. काही नाही. गार्लंडचं काम! अकराव्या झोक्याला गोणी परत आली आणि माझ्याच पोटात बसली. मी गवतावर बसून श्वास घेत होतो तेव्हा रस्त्यावर शेरीफची गाडी थांबली. उतरला तो डेप्युटी रँडल. बारा वर्षं माझ्याच बसने शाळेत गेलेला.

"मिस्टर हॉयट, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे की."

"तुम्ही तुमच्याच गाडीला मारताय."

"हळू मारतोय. टॉवेल लावलाय."

"हो, दिसला टॉवेल." तो जरा वेळ टॉवेलवरच्या भरतकामाकडे बघत राहिला. "मिस नेल्डांशी काही झालं का?"

"छे. मेहुण्याने पोचा काढून दिला."

"मग?"

"मग मी तो परत पाडतोय. पण पडत नाहीये."

रँडलने वही उघडली होती ती मिटली. मला हाताला धरून उभं केलं. "आज पाणी बिणी प्यायलात का?" त्याने विचारलं. "चला, मी तुमच्या मागे मागे येतो घरापर्यंत. हळू चालवा हं."

बसमध्ये मागच्या सीटवर ओकणारा हा मुलगा मला हळू चालवायला सांगत होता.

आमच्या गावात कुणी वारलं, कुणाचं ऑपरेशन झालं किंवा कुणाचं डोकं फिरलं, की शेजारणी चीज घातलेला भाजका बटाटा काचेच्या मोठ्या भांड्यात घेऊन येतात. भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी असते, म्हणजे ते परत जातं. मी घरी पोचल्यावर अर्ध्या तासात पहिलं भांडं आलं. पाच वाजेपर्यंत चार आली. प्रत्येक बाई मला बघून आवाज खाली आणायची आणि नेल्डाला विचारायची, "आता कसे आहेत?" मी समोर बसलेलो असताना!

"मी ठणठणीत आहे," मी म्हणायचो.

"हो ना, हो," त्या म्हणायच्या आणि माझ्या हातावर थोपटायच्या.

नेल्डाला टॉवेलवरच्या वाळूवरून सगळं कळलं होतं. ती फक्त भांडी ओळीत लावत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

साडेसहाला गार्लंडचा ट्रक दारात थांबला. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने सटकायच्या बेतात होतो, पण तो थेट आत आला. त्याच्या हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेलं एक मोठं बोचकं होतं. त्याने ते टेबलावर ठेवलं.

"तब्येत बरी नाही ऐकलं," तो म्हणाला. "डुकराचा खांदा आहे. तुझ्यासाठी पहाटेच चढवला होता, चौदा तास धुरावर होता. भट्टीला चव परत यायला सहा वर्षं लागली. आता आली. पहिला तुझ्याकडेच आणला."

मी खाल्लं. काय सांगू तुम्हाला! सुरी लावायची गरज नव्हती. तो माणूस समोर बसून, तोच दगडी चेहरा घेऊन, माझ्याकडे बघत होता आणि मी पुन्हा वाढून घेत होतो. सूड घेणारा माणूस चौदा तास विस्तवापाशी बसतो का? मला स्वतःची लाज वाटली. मी त्याच क्षणी ठरवलं, गेला तो पोचा उडत. मिस ओपलचे दोन शब्द नाही ऐकले तर मी मरत नाही. अर्थात हे ठरवल्यावरही पायाचा अंगठा टेबलाखाली हलतच होता.

शनिवारी मैदानावर अकरा जांभळ्या गाड्या ओळीत. माझी शेवटची, कुंपणाच्या फाटकाकडे जाणाऱ्या वाटेला लागून, डावी बाजू वाटेकडे. गार्लंड खरंच इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. समोरच्या गवतावर ट्रक लावून तो माझ्या मडगार्डापाशी असा उभा राहिला की जणू त्याचंच लग्न आहे.

मिस ओपल काठी टेकत आल्या. नाकापासून सुरुवात केली. दिवे बघितले, आत वाकून सीटची शिवण बघितली, छतावरून बोट फिरवलं. प्रत्येक ठिकाणी मान हलत होती. "अं हं. बरोबर. बरोबर." मी एका पायावरून दुसऱ्या पायावर. त्या डाव्या बाजूला आल्या. मागच्या चाकापाशी थांबल्या. हात ठेवला. हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

"पोचा कुठाय?"

मी वाकून चाकाकडे बघू लागलो.

"कसला पोचा?" गार्लंडने विचारलं.

"अरे बाबा, मिस मस्कॅडाइनचा पोचा," मिस ओपल म्हणाल्या. त्यांनी पर्समधून एक जुना फोटो काढला आणि त्याच्यापुढे धरला. फोटोत त्या तरुण होत्या, हातात बादली होती आणि मागे गाडी होती, पोच्यासकट. "वर्षभर मी या खळग्यातला चिखल बोटाने काढलाय. याच्याशिवाय ही गाडी म्हणजे नुसती जांभळी गाडी."

गार्लंडने फोटो घेतला. बराच वेळ बघितला. मग मडगार्डकडे बघितलं. मी घाईघाईने मध्ये पडलो. "मीच सांगितलं काढायला. मला तो आवडायचा नाही. मीच म्हणालो, गार्लंड, काढून टाक."

"तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, फक्त छत," गार्लंड म्हणाला.

त्याचा चेहरा मी तीस वर्षं बघतोय. त्या दिवशी पहिल्यांदा तो हलला. हनुवटीपासून सुरुवात झाली आणि हालचाल वर कपाळापर्यंत गेली. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याने फोटो मिस ओपलना परत दिला, वळला आणि शर्टाची बटणं सोडत ट्रककडे चालू लागला.

"गेला," नेल्डा म्हणाली आणि तिने रुमालात तोंड घातलं. "आता आणखी सहा वर्षं."

सहा वर्षांनी गार्लंड शहात्तर वर्षांचा होईल. इतकी वर्षं आपल्याकडे आहेत असं कोण सांगू शकतो? तिकडे ट्रक सुरू झाला. तो मागे येऊ लागला, म्हणजे वळवून फाटकातून बाहेर पडणार. मला एकच सुचलं. त्याची वाट अडवायची. अडवून त्याला खाली उतरवायचं आणि पाय धरायचे. मी गाडीत उडी मारली, किल्ली फिरवली, रिव्हर्स टाकला आणि गाडी चार फूट मागे घेतली.

धाड!

आवाज माझ्या दारात झाला, म्हणजे डाव्या; आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. माझ्या मांडीवर काच नाही, पण दार आतल्या बाजूला एक वाडगाभर सरकलेलं. काचेबाहेर गार्लंडच्या ट्रकचं ढुंगण, आणि त्याला ट्रेलर जोडायचा जो लोखंडी गोळा असतो, त्याच्यावर गुंडाळलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट.

गार्लंड बनियनवर धावत आला. "अरे, मागे कशाला घेतलीस? मडगार्डवर नेम धरला होता मी!"

"नेम?"

"पोचा पाडत होतो! उंची बरोबर होती, गोळा बरोबर होता, रंगाला लागू नये म्हणून शर्ट बांधला. तू कुठे निघालास?"

"तुला अडवायला."

"मी जात कुठे होतो?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तो बाहेर, मी आत. मी उतरायला गेलो तर दार उघडेना. तीस वर्षं शाळेची बस चालवून एक ओरखडा न पाडलेला माणूस, शेवटी गिअरवरून पाय टाकून पलीकडच्या दाराने, पाठमोरा उतरला. मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मंडळात टाळ्या वाजवण्याचा प्रघात नाही.

मिस ओपल चष्मा लावून दाराशी वाकल्या. खळग्यात त्यांनी तीन बोटं घातली, फिरवली आणि खालच्या लांबट भागावर जरा थांबल्या. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे.

"आकार तोच," त्या म्हणाल्या. "अगदी तोच. पण जागा चुकली रे बाबांनो."

फीत मेकन शहरातल्या एका माणसाला मिळाली. त्याने हातोडीने दणका दिलाय, मला दुरूनही कळतं. मी तिकडे फार बघितलं नाही, कारण नेल्डा गार्लंडच्या उघड्या दंडाला धरून हसत होती आणि रडतही होती, आणि गार्लंड बनियनवर उभा राहून लोकांना विचारत होता, याचा जोर बरोबर वाटतो का.

त्या नोव्हेंबरात आमच्याकडे एकाच गुरुवारी एकाच टेबलावर चौदा माणसं जेवायला बसली. दार अजून तसंच आहे. गार्लंड दर आठवड्याला विचारतो, काढून देऊ का, आणि मी सांगतो, हात लावशील तर याद राख. आता कुठेही गेलं की आधी नेल्डाला उतरावं लागतं, मग मी तिच्या मागून सरपटत बाहेर येतो.

पण जेवण सुरू असताना मी एक पत्र वाचून दाखवलं, ते वाचायला नको होतं. मंडळाच्या अंकात मिस ओपलचा माझ्या दाराशी वाकलेला फोटो छापून आला होता. तो बघून अलाबामातल्या एका गृहस्थाने आपल्या गाडीच्या दारालाही तसाच पोचा पाडून घेतलाय. मालिकेच्या कुठल्यातरी न दाखवलेल्या भागातला हा पोचा असणार, अशी त्याची खात्री आहे. वर त्याने मला कळवलंय की फोटोवरून हिशेब केला तर माझा पोचा मूळच्यापेक्षा अर्धा इंच उथळ आहे, तरी मी लक्ष घालावं.

गार्लंडने काटा खाली ठेवला. "अर्धा इंच?" तो म्हणाला. "कोण आहे हा? ऊठ हॉयट, ट्रक काढतो."

नेल्डाने टर्की कापायची सुरी हातात घेऊन आम्हा दोघांना खाली बसवलं. मी म्हणालो, गार्लंड, जाऊ दे, लोकांना उद्योग नसतात. सगळ्यांना ते पटलं.

तुम्हाला म्हणून सांगतो, पत्र आलं त्याच दिवशी मी फूटपट्टी लावून बघितलंय. अर्धा इंच कमीच आहे.